किलोमीटरभर चालणारी गाडी

आमच्या अण्णांचा दुधावर विश्वास नव्हता. रतीब घालणारा दारात उभा असतानाच ते पातेल्यात बोट बुडवायचे, उजेडाकडे धरायचे आणि थेंब किती वेळात ओघळतो ते बघायचे. गवळी बिचारा निकालाची वाट बघत मान खाली घालून उभा. अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली आणि तिथून ते दोन गोष्टी घरी घेऊन आले, एक पान्यांची हिरवी पेटी आणि दुसरा संशय. दुकानदाराचा काटा, शेजाऱ्याचं घड्याळ, डॉक्टरची गोळी, एसटी स्टँडवरच्या फलकावरची वेळ, यांतलं काहीही त्यांनी पडताळल्याशिवाय मान्य केलं नाही. मी त्यांची एकुलती एक मुलगी, नंदा. नाक त्यांचं घेतलं आणि हा गुणही त्यांचाच घेतला. आज पन्नाशी उलटल्यावरही भाजीवालीने बांधलेली जुडी पुढे केली की मी ती सोडून बघते आणि माझी मुलं लांब जाऊन उभी राहतात. हसण्यावारी न्यायला हरकत नाही, पण या गुणापायी एकदा आमच्या घराचे दोन तुकडे होणार होते आणि त्यात माझा हात होता. हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले.

आमचं घर सांगलीत, कुपवाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. एका ओळीत चार खोल्या. दोन आमच्या आणि दोन बापूकाकांच्या, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाच्या. चारही खोल्यांसमोरून एकच लांब सोपा, उघडी ओसरी. मध्ये भिंत नव्हती, कूड नव्हता, साधा पडदाही नव्हता. काका कुपवाडच्या एका फौंड्रीत साच्यांच्या कामावर होते. सकाळी त्यांची सायकल सोप्यावरून खाली उतरताना साखळीचा खडखड आवाज व्हायचा, तोच माझा उठायचा गजर. संध्याकाळी ते काळेभोर होऊन यायचे आणि मोरीत त्यांच्या अंगावरून निघालेलं पाणी बराच वेळ काळंच वाहायचं. मग चहा आणि लसणीच्या खमंग वासाचं भडंग. अण्णा वर्षाकाठी सुट्टीला येणार, म्हणजे मला सायकल शिकवली काकांनी, दहावीचा निकाल बघायला शाळेत आले ते काका, आणि मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला नाव घालते म्हटल्यावर सगळ्या आळीने तोंडं वाकडी केली तेव्हा फॉर्मवर सही करायला आले तेही काकाच.

आई जत तालुक्यातल्या एका कोरड्या गावची. पाण्याच्या टँकरमागे घागर घेऊन धावण्यात तिचं लहानपण गेलेलं. तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली होती, की घरात काही रिकामं ठेवायचं नाही. ज्वारीची कणगी तळापर्यंत कधी झाडायची नाही, मूठभर तरी दाणे राहू द्यायचे. घागर रात्रीतून कोरडी पडू द्यायची नाही. तिच्या आणि शालनकाकूच्या स्वयंपाकघरात दिवसातून चार वेळा एक पितळी वाटी ये-जा करायची. कधी पिठलं, कधी हुलग्याचं माडगं, कधी नुसती शेंगदाण्याची चटणी. ती वाटी कधीही रिकामी परत जात नसे. द्यायला काहीच नसलं तर आई तीत साखरेचे चार दाणे टाकायची. काकूही तसंच करायची. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटायचं.

आता गाडीकडे येते. अण्णांची मोटारसायकल जड, काळ्या टाकीची, फौजेतल्याच कुणा साहेबाकडून घेतलेली. शेवटच्या तीन वर्षांसाठी त्यांची बदली पार सरहद्दीवर झाली, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांनी ती रीतसर निजवली. टाकीतलं पेट्रोल थेंबन् थेंब काढलं, आतून तेलाचा हात फिरवला, कार्ब्युरेटर कोरडा केला, मीटरवरचा आकडा डायरीत टिपला, गाडी सोप्याच्या टोकाला मधल्या स्टँडवर चढवून वर फौजी ताडपत्री घातली. हँडलला पुठ्ठा बांधला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘टाकी कोरडी आहे. कोणीही हात लावू नये.’ त्या पुठ्ठ्याकडे आई फार वेळ बघत उभी होती, ते मला आठवतं. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापायला गेली.

तीन वर्षांनी अण्णा कायमचे घरी आले ते थंडीत. मधल्या सुट्ट्यांत त्यांनी ताडपत्री उघडली नव्हती. कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रं बघायची नोकरी त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती, आणि कामावर जायचं ते आपल्या गाडीवरून, हेही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताडपत्री काढली. मी शेजारी पाना घेऊन उभी. तंत्रनिकेतनात शिकलेलं दाखवायची मला घाई झालेली. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि तसेच थांबले. मग गाडी दोन्ही हातांनी जरा हलवली. आत डुबुक असा आवाज झाला.

“नंदे, ह्यात पेट्रोल हाय,” अण्णा म्हणाले.

मीही वास घेतला. पेट्रोलचा तो ताजा, नाकात चढणारा वास नव्हता. आंबूस, जुन्या वार्निशसारखा.

“मी कोरडी करून गेल्तो. थेंब न्हवता. कुणी घातलं?”

आई आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं, कारण थापण्याचा आवाज बंद झाला. मी त्याचा काही अर्थ लावला नाही. संशयी माणसाला सगळं ऐकू येतं असं लोकांना वाटतं. खरं तर त्याला हवं तेवढंच ऐकू येतं, असं आता मला माझ्यावरूनच म्हणता येईल.

मीटर बघितला. डायरीतला आकडा आणि मीटरवरचा आकडा तंतोतंत तोच. माझ्या मते प्रश्न मिटला होता. अण्णा म्हणाले, “मीटरची केबल काढली की मीटर फिरत न्हाई. सगळ्यांस्नी ठावं असतंय.” झालं, आकडा जुळला हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. कुणीतरी आपल्या गाडीवर तीन वर्षं मजा मारली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आम्ही कामाला लागलो. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढायला घेतलं. टाकीच्या खालचा कॉक उघडला की पेट्रोल धारेने यायला हवं. ते आधी भसकन आलं आणि मग थेंब थेंब गळत राहिलं. रंग कोऱ्या चहासारखा. अण्णा म्हणाले, गाळ बसला असेल. कार्ब्युरेटर उघडला तर आत तपकिरी चिकट थर जमलेला, पेट्रोल वाळून उरतो तो. बारीक भोकाचं पितळी जेट पार बुजलं होतं. जेट साफ करायला लोखंडी तार घालायची नाही, भोक मोठं होतं. अण्णांनी विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सुटी केली आणि श्वास रोखून ती आरपार काढली. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाला लालसर चिखल होता. “गंज,” अण्णा म्हणाले. मी तो बोटाने पुसला. माझं बोट दोन दिवस गुलाबी राहिलं. गंज असा रंगत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण अण्णांसमोर पुस्तक काढायची माझी छाती नव्हती.

नवं पेट्रोल घातलं. अकराव्या किकला गाडीने पांढरा धूर ओकला आणि सुरू झाली. आळीतली पोरंटोरं, बायाबापड्या, सगळे जमले. काकू हात पुसत बाहेर आली आणि हसली. काका कामावर होते. अण्णा ऐटीत गल्लीच्या बाहेर पडले, आणि अर्ध्या तासाने गाडी ढकलत परत आले.

त्यानंतरचे चार दिवस आमच्या घराला दुसरा विषय नव्हता. गाडी सुरू व्हायची, झकास पळायची आणि बरोबर किलोमीटरभर गेली की दम लागल्यासारखी आचके देऊन बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. पुन्हा किलोमीटर. प्लग बदलला. मिरज रस्त्यावरच्या मिस्त्रीने झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून सांगितलं, ते साफ केलं. झाकण उघडं ठेवून चालवून बघितली. तीच गत. पोरं आता अण्णा निघाले की “एक किलोमीटर! एक किलोमीटर!” म्हणून ओरडायला लागली. अण्णांचं जेवण कमी झालं. भाकरी मोडता मोडता ते थांबायचे आणि सोप्याच्या पलीकडच्या दाराकडे बघायचे. त्या दारात काकांची सायकल उभी असायची.

पाचव्या दिवशी जेवताना मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. अण्णा चिडले होते, मला ते माझ्याकडे बघायला हवे होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, एवढंच.

“अण्णा, मागच्या दसऱ्याला मी काकांना गाडीपाशी बघितलं होतं. ताडपत्री वर केलेली, झाकण उघडं, आणि त्यांच्या हातात बाटली होती. मी आले तशी त्यांनी बाटली मागं घेतली.”

हे सगळं खरं होतं. झेंडूची फुलं घेऊन मी बाजारातून आले होते आणि मी हे डोळ्यांनी बघितलं होतं. आई माझ्या ताटात आमटी वाढत होती. पळी तशीच वर राहिली. “जेवा की गप,” ती म्हणाली, “पोरगी कायबी बोलती.” पण अण्णांचा घास खाली ठेवून झाला होता.

त्या संध्याकाळी काका मोरीतून बाहेर येतात न येतात तोच अण्णांनी विचारलं, “बापू, माज्या टाकीत पेट्रोल तू घातलंस?”

काकांनी पंच्याने कान पुसला. “व्हय दादा. दसऱ्याला. थोडं थोडं, बाटलीभर.”

“कशापायी?”

काकांनी पंचा दुसऱ्या कानाला लावला. “पूजेला. गाडी रिकामी पूजायची म्हंजे बरं दिसत न्हाई.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. मलाच वाटलं.”

“आन मग पेट्रोल हायच म्हटल्यावर फिरवलीसबी आसशील.”

काकांनी पंचा पिळून दोरीवर टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तेव्हा चोरी पकडल्याची लाज समजले. मनातून मला खूप शहाणं झाल्यासारखं वाटत होतं. हे लिहितानासुद्धा मला माझा राग येतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी टाकीच खाली उतरवली. कॉकचा नट सोडला, कॉक ओढला, तर त्याच्यामागे टाकीच्या भोकातून काहीतरी हिरवं लोंबायला लागलं. चिमट्याने धरून अण्णांनी ते हळूहळू बाहेर ओढलं. खणाचा तुकडा होता, हातभर लांब, दोन बोटं रुंद, हिरव्या रंगाचा, एका कडेला तांबडा काठ. पेट्रोलने विटलेला, पण खणच. गाडी बंद पडायचं कोडं तिथेच सुटलं. इंजिन पेट्रोल ओढायला लागलं की हा तुकडा त्या ओढीबरोबर कॉकच्या नळीवर जाऊन चिकटायचा आणि वाट बंद करायचा. गाडी थांबली, ओढ संपली की सुटून तरंगायचा. किलोमीटरभर पेट्रोल पुरायचं ते कार्ब्युरेटरच्या वाटीतलं आणि वाट बंद होईपर्यंत आलेलं. मला टाळी वाजवावीशी वाटली. मग अण्णांनी टाकी पालथी करून हलवली आणि परातीत तांदळाचे दाणे पडले, पिवळे झालेले. त्यांच्यामागून एक हळकुंड, एक सुपारी आणि एक नाणं.

परातीकडे बघताना अण्णांचं तोंड पांढरंफटक पडलं. देवळाच्या पायरीला पाय न लावणारा माणूस. अंगारे-धुपारे, लिंबं-टाचण्या यांची आयुष्यभर टर उडवत आलेला माणूस.

“अण्णा, तुमचा करणीवर विश्वास आहे?” मी विचारलं.

“माजा न्हाई,” ते म्हणाले, “पर करणाऱ्याचा आसतोय की.”

आणि मग त्यांनी तो खण उजेडाकडे धरला, दुधाचं बोट धरायचे तसा. हिरवा, तांबड्या काठाचा. मीही ओळखला. शालनकाकूची चोळी त्याच खणाची होती. सणासुदीला ती तीच घालायची.

अण्णा परात घेऊन सोपा ओलांडून गेले आणि ती त्यांनी काकांच्या उंबऱ्यावर आपटली. रविवार होता, काका घरी होते.

“बापू, ह्ये काय हाय?”

काका खाली बसले. त्यांनी तांदळाचे दाणे बघितले, खण बघितला. मग मान वर करून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे आई पिठाच्या हातांनी उभी होती. काका लगेच दुसरीकडे बघायला लागले.

“खण हाय, दादा.”

“त्ये मलाबी दिसतंय. तीन वर्सं मी तकडं बरफात, आन हितं माज्या गाडीत तांदूळ, हळद, खण. मी परत येऊ नये म्हणून का?”

“दादा!” काकांचा आवाज चिरकला. “काय बोलताय ह्ये?”

काकू आतून आली, तिने परात बघितली आणि ती भिंतीला टेकली. “आवं भावजी, आमी आसलं कशाला करू? माजी चोळी धड हाय, दावते मी,” असं म्हणत ती खरंच ट्रंक उघडायला धावली. अण्णा म्हणाले, उरलेलं कापड कुणाकडंबी असतंय. काकूने आणलेली चोळी त्यांनी बघितलीसुद्धा नाही. काकू ती हातात धरून तशीच रडत उभी राहिली. काका एवढंच म्हणाले, “मला न्हाई म्हाईत दादा कुणी घातलं.” अण्णांनी परतताना सांगितलं की उद्या विटा येतील आणि या सोप्याला मधोमध भिंत पडेल.

त्या दिवशी दुपारी पितळी वाटी काकूकडून परत आली. आमचं पिठलं सकाळीच गेलं होतं. वाटी घासून लख्ख केलेली होती आणि आत काही नव्हतं. आईने ती हातात घेतली, बोट आत फिरवून बघितलं आणि ओट्यापाशी खाली बसली.

मी तिला उठवायला गेले तर ती म्हणाली, “माजी ट्रंक उघड. तळाला हिरवा खण हाय बघ.” तो निघाला. एकाच हळदीकुंकवाला दोघी जावांना मिळालेले ते दोन खण. काकूने चोळी शिवली, आईने जपून ठेवला होता. घडी उलगडली. एका कडेने दोन बोटांची पट्टी कापून घेतलेली होती.

“तू?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“मग काय करू? टाकी कोरडी हाय म्हणून लिवून गेलं त्येनी. बाईमाणूस परगावला निघालं की वटी भरून धाडत्यात, रिकामी कोण धाडतंय? गाडी त्येंची, त्येंच्या जिवाची. तिचं प्वाट कोरडं ठिवून ह्ये सरहद्दीला गेलं. मला रातची झोप लागंना. म्हणून कुंकवाची चिमट टाकून तिची वटी भरली. नारळ काय जाईना त्या भोकातनं. आन दर दसऱ्याला बापूभावजींस्नी बाटली आणाय लावली. त्येनला म्हणलं, ह्यास्नी सांगू नका, हसत्याल.”

“आणि काकांनी अजून सांगितलं नाही.”

“न्हाई.”

“मग तू का गप्प बसलीस? आज तरी?”

आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. “पयल्या दिशी बोलले आस्ते तर नुसतं हसलं आस्तं. मग गाडी बंद पडाय लागली. माज्यामुळं पडती हे मला तरी कुठं ठावं? आज परात बघितली तवा कळलं. आन त्येंचं त्वांड बघून माजी जीभ उचलंना.” मग म्हणाली, “मी सांगन. तू बोलायचं न्हाई. तू बोल्लीस तेवढं लय झालं.”

ते मला फार लागलं. लागायलाच हवं होतं.

विटांची ट्रॉली सकाळी आली. गडी विटा उतरवून रचत होते, गवंडी सोप्यावर दोरी धरून चुन्याची रेघ मारत होता. काका सायकलला टेकून उभे होते. त्या दिवशी ते कामावर गेले नव्हते. आई बाहेर आली. ती अण्णांशी चारचौघांत कधी बोलायची नाही. ती चुन्याच्या रेघेवर जाऊन उभी राहिली, अगदी रेघेवर, आणि तिने तो कापलेला खण अण्णांच्या पुढ्यात धरला.

“आवं, ह्यो बघा. पट्टी माज्या खणाची हाय. वटी मी भरली. तुमी परत यावं म्हणून. आन पेट्रोलबी मीच भावजींस्नी आणाय लावलं.”

गवंड्याने दोरी सोडली. विटा झेलणारे गडी थांबले. अण्णांनी खण घेतला, पट्टी काढून त्याच्या कडेला लावली. तशातही त्यांना पडताळून बघायचं होतं. काठाला काठ जुळला. त्यांना एवढं गोंधळलेलं मी त्याआधी आणि त्यानंतरही बघितलं नाही. मग ते जे बोलले त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. ते म्हणाले, “मग गाडी कुणी फिरवली?”

काका सायकल सोडून पुढे आले.

“दादा, मला गाडी चालवाय येत न्हाई.”

“आं?”

“न्हाई येत. सायकलबिगर मी कशावर बसलोच न्हाई कवा. तुमी शिकवतो म्हणाला हुता, माज्या लग्नाच्या वक्ताला. मग सुट्टी सपली तुमची.”

अण्णा तिथेच, विटांच्या ढिगावर, बसले. वर्षातून महिनाभर घरी येणाऱ्या माणसाला आपल्या भावाला गाडी येत नाही हे माहीत नसेल, हे मी समजू शकते. पण मी? मी त्या माणसाच्या सोप्यावर अठरा वर्षं वाढले होते. त्यांना मी एकदाही कुठल्या फटफटीवर बघितलं नव्हतं. पाव्हण्यांच्या लग्नाला सगळे गाड्यांवरून जात तेव्हा हे सायकलवर तासभर आधी निघत. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि दसऱ्याची ती एक बाटली सोडून मला काहीच दिसलं नव्हतं.

भिंत झाली नाही. विटा कितीतरी महिने अंगणात पडून होत्या. पुढे त्यातल्या काही काकूच्या न्हाणीला लागल्या. अण्णांनी माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही, त्यांना ते जमणारं नव्हतं. पण गाडी बसवून झाली, मिरजेपर्यंत न थांबता जाऊन आली, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी ते काकांच्या दारासमोर गाडी उभी करून नुसता हॉर्न वाजवायचे. काका पहिले आठ दिवस सायकलनेच गेले. नवव्या दिवशी मागे बसले, अण्णांना हात न लावता, मागची जाळी घट्ट धरून. कुपवाडच्या मोकळ्या मैदानात अण्णांनी त्यांना गाडी शिकवायचा प्रयत्न केला, तेव्हा ते सरळ कुंपणात गेले आणि दोघे भाऊ हसत, लंगडत घरी आले. टाकीतली ती पट्टी, हळकुंड, सुपारी, नाणं अण्णांनी पान्यांच्या पेटीत एका डबीत ठेवलं. करणी म्हणून भ्यायलेल्या माणसाने ते टाकून का दिलं नाही, हे मी विचारलं नाही. ती पेटी आता माझ्याकडे आहे.

काकूला मात्र वेळ लागला. वाटी यायची, पण रिकामी यायची. आई भरून पाठवायची, रिकामी घ्यायची. संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. नागपंचमीला वाटी आली आणि तिच्या तळाला चार शेंगदाणे होते. आईने ते मला दाखवले आणि डोळे पुसत बसली. त्या दिवशी मला धीर आला. इतके महिने मी काकांच्या नजरेला नजर दिली नव्हती. ते मोरीतून यायचे तेव्हा मी पुस्तक उघडून बसायची. सुट्टीचा भोंगा व्हायच्या वेळेला मी कुपवाडला त्यांच्या फौंड्रीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. ते बाहेर आले, तोंडावर काजळी, हातात रिकामा डबा.

“नंदे? घरी बरं हाय न्हवं?”

“काका, मी तुमच्याबद्दल अण्णांना सांगितलं होतं. दसऱ्याचं. मी सांगायला नको होतं.”

ते चालायला लागले, मीही बरोबर. मग ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “तू काय खोटं बोल्लीस? बघितलंस तेच सांगितलंस की.” आणि थोडं पुढे गेल्यावर, रस्त्याकडेच बघत, “फकस्त मला इचारलं न्हाईस, पोरी. मी शेजारच्याच खोलीत हुतो.”